बर्करॉइडांचं नाव

बर्करॉइड खोऱ्यात आडनावाला काडीची किंमत नव्हती, कारण ते सगळ्यांचंच होतं. यॉर्कशरच्या त्या चिंचोळ्या खोऱ्यात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो मेंढीला तरी लागायचा, नाहीतर एखाद्या बर्करॉइडला. त्यामुळे माणसं एकमेकांना बापाआज्यावरून ओळखायची. बिलचा टॉम, टॉमच्या बिलचा जॅक, आणि घर आईच्या जिवावर चालत असेल तर आईवरून, मार्थाचा ल्यूक. एकदा शहरातून एका वकिलाचा कारकून कुण्या जॉन बर्करॉइडला शोधत आला. दारात बसलेल्या माणसाला त्याने विचारलं. तो माणूस बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "ह्या नावाचं इथं कोणी राहत नाही बुवा." आतून त्याची बायको ओरडली, "अरे मेल्या, तूच की तो!"

आडनाव म्हणजे रविवारचा कोट. बारसं, लग्न आणि मर्तिक, एवढ्यापुरतं ते पेटीतून बाहेर निघायचं. जेबेझ बर्करॉइड मात्र ते रोज अंगात घालून हिंडायचा. सगळं खोरं त्याला 'नेडच्या सॅमचा जेबेझ' म्हणायचं आणि तो प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायचा. "जेबेझ बर्करॉइड म्हण. घर बर्करॉइड, मीही बर्करॉइड."

ते खोटंही नव्हतं. ज्या शेतावरून खोऱ्याला नाव पडलं ते मूळ शेत जेबेझकडे होतं. हिवाळ्यात चुलीपुढे बसून तो आपल्या तीन मुलांना, थोरल्या झिल्लाला आणि धाकट्या ईनॉक, विलीला, तीच गोष्ट सांगायचा. इथं तेव्हा नुसतं बर्चचं रान होतं. अ‍ॅडम नावाचा माणूस कुऱ्हाड घेऊन आला आणि झाडं तोडून त्याने एक तुकडा मोकळा केला. जुन्या बोलीत बर्चला बर्क म्हणायचे आणि तोडून काढलेल्या जागेला रॉइड. मग राजाची माणसं सारा वसूल करायला आली. त्यांना दर खोऱ्यात एकेक अ‍ॅडम भेटत होता. कुठला अ‍ॅडम? बर्करॉइडचा. लिहा, अ‍ॅडम बर्करॉइड.

"म्हणजे सारा वसूल करणाऱ्याने आपल्या सोयीसाठी दिलेलं नाव आहे हे," असं त्याची बायको केझाया एकदा म्हणाली. जेबेझ त्या आठवड्यात तिच्याशी धड बोलला नाही.

गोष्टीचा उरलेला भाग त्याला जास्त आवडायचा. पुढे मोठी साथ आली, सगळे बर्करॉइड मेले, एक सोडून. तो मेंढ्या घेऊन माथ्यावर गेलेला होता म्हणून वाचला. आज जेवढे म्हणून बर्करॉइड आहेत ते त्या एकाचे. "एक उरला तरी भागतं," जेबेझ म्हणायचा, "पण तो खरा असावा लागतो. लग्नाच्या बायकोच्या पोटचा."

हे वाक्य झिल्लाने लहानपणापासून किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. मोठी झाल्यावर ती खालच्या गिरणीत मागावर जाऊ लागली. एका उन्हाळ्यात जत्रा आली, जत्रेबरोबर झोपाळे फिरवणारा एक हसरा माणूस आला आणि जत्रेबरोबर गेलाही. शरद ऋतू लागला तेव्हा झिल्लाचा एप्रन बांधता बांधता गिरणीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या, आणि अशी बातमी घरी पोचायला वेळ लागत नाही.

बाप नसलेलं पोर आईचं आडनाव लावतं. तिथली रीतच होती ती. म्हणजे झिल्लाचं पोर बर्करॉइड होणार होतं. पोरीची अब्रू गेली त्यापेक्षा जेबेझला हे लागलं. चॅपलमध्ये तो रविवारी प्रार्थना सांगायचा. त्या रविवारी तो गेला नाही. सोमवारी दावणीची चांगली दुभती गाय सोडली, तिच्या गळ्यात दोर बांधला आणि डोंगर ओलांडून पलीकडे लँकशरला गेला.

आता यॉर्कशरचा माणूस लँकशरला जावई शोधायला गेला म्हणजे पाणी कुठपर्यंत आलं असेल ते समजून घ्या. पलीकडच्या माणसाशी हात मिळवला तर जेबेझ नंतर आपली बोटं मोजून बघायचा. पण अलीकडे कोणाला विचारलं असतं तर खोरंभर झालं असतं. पलीकडे अ‍ॅमॉस टॅटरसॉल नावाचा क्लॉग करणारा होता, लाकडी तळाचे ते बूट ज्यांच्यावाचून गिरणीत कोणाचं पाऊल पडत नसे. चाळिशीतला विधुर, मूलबाळ नाही, बोलायला अडखळणारा. जेबेझ गाय घेऊन त्याच्या दुकानाबाहेर उभा राहिला आणि सगळं एका दमात सांगून मोकळा झाला.

अ‍ॅमॉसने हातातली आरी खाली ठेवली. "गाय कशाला?" त्याने विचारलं.

"पोरीबरोबर."

"पोरीला विचारलंय का?"

"पोरीला विचारायची वेळ गेली," जेबेझ म्हणाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी झिल्ला बापासमोर येऊन उभी राहिली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता, पण त्या दिवशी ती रडली नाही. "बाबा, तुम्ही म्हणाल तिथं मी जाते. एकच मागते. सगळ्या बायका आपलं माहेरचं आडनाव पोराला मधलं नाव म्हणून देतात. मार्थामावशीने दिलं, शेजारच्या रेचलने दिलं. मलाही देऊ द्या. मधेच राहील ते. कोणी वाचणारसुद्धा नाही."

"जत्रेतल्या भिकारड्याच्या पोराला बर्करॉइड?"

"माझ्या पोराला."

जेबेझने मांडणीवरचं बायबल काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हात ठेव. म्हण, माझ्या पोराला मी हे नाव लावणार नाही, पुढे नाही, मागे नाही, मधेही नाही."

केझाया कोपऱ्यात कणीक तिंबत होती. "जेबेझ, पुरे कर रे," ती म्हणाली. "असं करू नये माणसानं."

"तू गप्प बस."

झिल्लाने हात ठेवला आणि म्हणाली. म्हणताना ती बापाकडे बघत होती. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायचं नाही असा जेबेझने हुकूम केला, आणि जेबेझचा हुकूम म्हणजे भावकीतही कोणी त्याच्यासमोर ते काढेना. लोक त्याला भीत असत असं नाही. पण एका नावापायी कोण त्या म्हाताऱ्याचं तोंड सोसणार!

जेबेझला वाटलं, आपण नाव वाचवलं. मनावरचं ओझं उतरल्यासारखा तो पुढली कितीतरी वर्षं जगला. ईनॉक आणि विली ताडमाड वाढले. दोघांचे कान बर्करॉइडांचे, डोक्यापासून फटकून उभे राहणारे, कपाला कान असावा तसे. विली तर इतका वाह्यात की चॅपलमध्येही आजीबाईंना हसवायचा. आता ह्यांची लग्नं, मग नातवंडं. जेबेझ मनातल्या मनात त्यांची नावंसुद्धा ठरवून बसला होता.

मग जर्मनांशी लढाई सुरू झाली. भरतीवाल्यांनी एक युक्ती काढली: एका गावची पोरं एकाच तुकडीत घालू, म्हणजे मित्र मित्रासोबत, भाऊ भावासोबत, कोणाला परकं वाटणार नाही. खोऱ्यातले सगळे तरणे बर्करॉइड गात गात एकाच दिवशी बाजारगावी गेले आणि एकाच तुकडीत भरती झाले. सार्जंट हजेरी घेताना वैतागून म्हणाला म्हणे, "दुसरं नाव नाही का रे तुमच्या मुलखात?"

ते सगळे फ्रान्समध्ये जुलैच्या एका सकाळी खंदकातून वर चढले. दुपारपर्यंत सगळं आटोपलं होतं.

ज्या घरात मर्तिक होतं त्या घराच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतात. त्या आठवड्यात खोऱ्यात एकेक पडदा खाली येत गेला. पोस्टमन सायकलवरून उतरला की बाया दारं लावून घ्यायच्या, जणू दार लावलं तर तो पुढल्या घरी जाईल. जेबेझकडे तो दोनदा आला, आधी ईनॉकसाठी आणि मग विलीसाठी. दुसऱ्या वेळी केझायाने कागद हातात घेतलाच नाही. "ठेव तिथं," ती म्हणाली आणि गाईंचं दूध काढायला गेली, कारण गाईंना लढाई माहीत नव्हती.

खोऱ्यात बर्करॉइड आता कोण उरले? म्हातारे, विधवा आणि लग्न होऊन दुसऱ्याच्या नावात जाणाऱ्या मुली. जे आधीच अमेरिकेला गेले होते त्यांनी तिकडे नाव बदलून टाकलं होतं, त्यांना जेबेझ जमेत धरत नव्हता. तुकडीतला एक लाँग सॅम तेवढा पाय गमावून परत आला, पण त्याला आता मूल होणार नव्हतं, आणि तो दिवसभर खिडकीशी बसून असायचा. जेबेझ त्याला मुलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारायला गेला तेव्हा सॅम काहीतरी बोलायला लागला, थांबला, आणि म्हणाला, "चांगले होते दोघं. चांगले होते, काका."

केझाया त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळली. एके दिवशी तिने जेबेझला जवळ बसवलं. "झिल्लाचं पोर," ती म्हणाली.

"काय त्याचं?"

"तुझंच रक्त आहे ते. दुसरं काय राहिलंय आपल्याकडे? जा आणि पाया पड तिच्या."

"मी पोरीच्या पाया पडू?"

"पड," केझाया म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणून सांगू नकोस, चॅपलमध्ये बरे टेकवतोस."

त्याच दुखण्यात ती गेली. जेबेझ तरीही गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पण एकट्याने मेंढ्या राखताना, एकट्याने ओटची भाकरी दुधात कुस्करून खाताना, केझायाचं बोलणं त्याच्या डोक्यात घर करून राहिलं. साथीत एक उरला होता. ह्या वेळीही एक उरलाय. डोंगरापलीकडे एक पोरगा आहे, आता मोठा झाला असेल, आणि त्याच्या अंगात बर्करॉइडाचं रक्त आहे. लग्नाच्या बायकोच्या पोटचा नाही तर नाही. त्याला शेत देऊ, नाव देऊ. ज्या दाराला आपण कुलूप घातलं त्याची किल्ली आपल्याच खिशात आहे, असं त्याला वाटू लागलं आणि पुष्कळ दिवसांनी त्याला बरी झोप लागली.

लढाई संपली. पुढल्या वसंतात, मेंढ्यांची वीण उरकल्यावर, जेबेझने रविवारचा कोट घातला आणि डोंगर चढू लागला.

अ‍ॅमॉसचं दुकान तिथंच होतं. बाहेर लाकडाच्या तळांची चवड वाळत होती. अ‍ॅमॉसचे केस पांढरे झाले होते. जेबेझला बघून तो उठला, हात पुसले आणि नेहमीसारखा अडखळला. "या. बसा. मी तिला हाक मारतो."

झिल्ला मागच्या खोलीतून आली. वीस वर्षांनी बाप लेकीला बघत होता. ती हुबेहूब केझायासारखी दिसत होती, आणि त्यामुळे जेबेझने घोकून आणलेलं पहिलं वाक्य बाजूलाच राहिलं.

"आई गेली," तो म्हणाला.

"कळलं मला."

"ईनॉक, विली..."

"तेही कळलं. बसा, बाबा."

तिने चहा ठेवला. जेबेझ बसला नाही. बसलो तर बोलणं व्हायचं नाही, असं त्याला वाटलं. "मी तुझी शपथ सोडवायला आलोय," तो म्हणाला. "मी चुकलो. तुझी आई तेव्हाच म्हणाली होती. तू मधलं नाव मागितलंस, मी तेही दिलं नाही. आता मी सगळंच देतो. शेत देतो, घर देतो, मेंढ्या देतो. तुझ्या पोराने बर्करॉइड व्हावं आणि घरी यावं. खोऱ्यात कोण काय बोलतं ते मी बघून घेतो. अ‍ॅमॉसचाही मान ठेवतो. एवढं ऐक माझं."

झिल्ला चुलीकडून वळली. "कोणाला द्यायचंय म्हणालात?"

"तुझ्या पोराला."

"त्याचं नाव काय?"

जेबेझने तोंड उघडलं. त्याला ते माहीत नव्हतं. एवढा डोंगर चढून तो आडनाव द्यायला आला होता आणि ज्याला द्यायचं त्याचं नाव त्याने आजवर कोणाला विचारलं नव्हतं.

"जो," अ‍ॅमॉस हळूच म्हणाला. त्याला जेबेझची कीव आली असावी. "जोसेफ."

"जो," जेबेझ म्हणाला. "कुठाय तो?"

"तुम्ही द्यायला आलात ते त्याने घेतलं कधीच," झिल्ला म्हणाली. "मी दिलं नाही. मी शपथ पाळली. त्याने विचारलं, आई, लग्नाआधी तू कोण होतीस? सांगायचं नाही अशी काही शपथ नव्हती. मी सांगितलं, डोंगरापलीकडचं शेत सांगितलं, अ‍ॅडम आणि त्याची कुऱ्हाड सांगितली. तुमच्यासारखीच सांगितली, चुलीपुढे बसून. तेवढंच माहेर होतं माझ्याकडे."

जेबेझ आता खाली बसला.

"लढाई लागली तेव्हा पोरं वेडी झाली होती," ती पुढे सांगू लागली. "हाही गेला इथल्या भरतीला. पंधरा सरून सोळावं लागलेलं. सांगितलं एकोणीस. ह्यांना कळलं तसे हे हातातलं काम टाकून धावले."

"सार्जंट माझ्याकडूनच क्लॉग घेतो," अ‍ॅमॉस म्हणाला. "म्हटलं, हा टॅटरसॉलचा पोरगा, अजून मिसरूड नाही फुटलं. सगळ्या रांगेनं हो म्हटलं. सगळे ओळखतात ना इथं. कान धरून घरी आणला मी त्याला. वाटभर मला शिव्या देत होता."

"मग?"

"मग काय?" झिल्ला म्हणाली. "आठवडाभर गप्प होता. नंतर एक दिवस उठला आणि डोंगर ओलांडून तुमच्या बाजारगावी गेला. तिथं कोणी टॅटरसॉल ओळखत नव्हतं. नाव सांगितलं जोसेफ बर्करॉइड. तुमच्याकडे एक बर्करॉइड जास्त झाला तर कोणाच्या लक्षात येणार? ज्याला त्याला वाटलं, असेल कुणाचातरी. आम्हाला कळलं तेव्हा म्हणाला, पुन्हा ओढून आणलंत तर तिसऱ्याच नावाने जाईन."

चहा उकळून उतू गेला. कोणी उठलं नाही.

"विलीने ओळखला त्याला," ती म्हणाली. "कानांवरून. म्हणाला, हे कान मी आरशात बघतो रोज. फ्रान्सला जायच्या आधी जो एकदा घरी आला होता, तेव्हा हसत हसत सांगत होता. ईनॉकमामा मला तंबाखू देतो, विलीमामा बूट बांधायला शिकवतो. सगळे त्याला काय म्हणायचे माहितेय? झिल्लाचा जो. माझं नाव घेत होते बाबा, तुमच्या खोऱ्यातली सगळी पोरं, रोज, मोठ्याने. विलीने त्याला सांगितलं होतं, लढाई संपली की आम्ही दोघं तुला मधे धरून म्हाताऱ्यापुढे उभा करतो. बघू काय करतो ते."

जेबेझने विचारलं, "त्याच सकाळी?"

"त्याच सकाळी. मेल्याचा कागद आला तो बर्करॉइडच्या नावाने. आमचा पोस्टमन दारोदार विचारत होता, ह्या नावाचं कोण आहे? कोणी नाही म्हणाले. परत घेऊन चालला होता तो. मी गिरणीतून येत होते, ते नाव कानावर पडलं आणि मी त्याच्यामागे रस्त्याने धावले. त्या रस्त्यावर ते नाव ओळखणारी मी एकटी होते."

"मला कोणी सांगितलं कसं नाही?" जेबेझ ओरडला. "लाँग सॅमला माहीत होतं. मी त्याच्या घरी जाऊन बसलो होतो. त्याने का नाही सांगितलं?"

"काय म्हणून सांगणार? झिल्लाचा जो, असं? तुमच्यासमोर?"

जेबेझ टोपी हातात फिरवत बसला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, पोर दूर ठेवलं म्हणजे नावाला डाग लागायचा नाही. पोर खोऱ्यात वाढलं असतं तर शेंबडं पोरगंही सांगतं, हा सोळाचा आहे, ह्याला घरी पाठवा. भरतीच्या टेबलापाशी ईनॉकनेच त्याला दोन थपडा मारून हाकलला असता. तो परका होता म्हणून त्याला कोणी अडवलं नाही. आणि परका त्याला जेबेझने केला होता, बायबलावर हात ठेवायला लावून. हे सगळं एकामागून एक त्याच्या ध्यानात येत गेलं आणि त्याला वाटलं, अजून थोडा वेळ ध्यानात आलं नसतं तर बरं झालं असतं.

"झिल्ला," तो म्हणाला, "मला क्षमा कर."

"मी विचार केला होता," ती म्हणाली, "की तुम्ही कधी आलात आणि असं म्हणालात तर मी काय म्हणेन. तेव्हा मला पुष्कळ सुचायचं. आता काही सुचत नाही. तुम्हाला नाव स्वच्छ ठेवायचं होतं ना बाबा? राहील आता. मळवायला कोणी उरलं नाही."

असं म्हणून ती उठली, सांडलेला चहा पुसला, आणि मागच्या खोलीत निघून गेली. तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर जेबेझला जरा सोपं गेलं असतं.

जेबेझ जायला उठला तेव्हा अ‍ॅमॉसने त्याच्या पायांकडे बघितलं. "टाचेची नाल सैल झालीय तुमची. काढा. असे डोंगर कसे चढाल?" जेबेझने क्लॉग काढून दिला. अ‍ॅमॉसने चार खिळे ठोकले आणि आपणही कोट अंगात घातला. "मी माथ्यापर्यंत येतो. वाटेत धुकं असतं."

दोघं चढू लागले. दोन्ही बाजूंच्या शेतांच्या दगडी भिंती संपल्या, मग मेंढ्या संपल्या, मग नुसतं करडं गवत आणि वारा. जेबेझ मधूनच थांबायचा. दम लागला म्हणायचा, आणि अ‍ॅमॉस ते खरं मानायचा.

"कसा होता?" जेबेझने एकदा विचारलं.

अ‍ॅमॉस अडखळत म्हणाला, "बडबड्या. माझ्या घरात तोवर कोणी एवढं बोललं नव्हतं. हाताने धसमुसळा, लाकूड फार वाया घालवायचा. मी रागवायचो तर मला हसवायचा." थोडं पुढे जाऊन तो म्हणाला, "मला बाप म्हणायचा. मी त्याला खरं सांगितलं होतं, तरीही म्हणायचा."

माथ्यावर दोन्ही मुलखांच्या हद्दीचा दगड आहे. तिथं अ‍ॅमॉस थांबला, पण परत फिरला नाही.

"आमच्याकडे स्मारक बसवताहेत," तो शेवटी म्हणाला. "गेलेल्या पोरांचं. पाथरवट विचारतोय, जोचं नाव काय कोरू? झिल्ला म्हणते टॅटरसॉल. मलाही... मलाही तेच वाटतं, खोटं कशाला बोलू? पण तो तुमच्या नावाने गेला. त्याने ते आपल्या हाताने घेतलं होतं. हौसेनं घेतलं होतं. तुम्ही म्हणाल तर मी झिल्लाची समजूत काढतो. बर्करॉइड कोरू."

जेबेझ तेवढ्यासाठीच डोंगर ओलांडून आला होता. नाव कुठंतरी राहावं, पुसलं जाऊ नये, ही एकच गोष्ट त्याने आयुष्यभर मागितली होती, आणि आता ती एक अडखळणारा लँकशरचा माणूस, ज्याला त्याने कधी एका गाईवर घेतला होता, आपल्या काळजाचा तुकडा तोडून त्याला देत होता. खाली एका बाजूला बर्करॉइडचं शेत दिसत होतं, धुराडं थंड पडलेलं. जेबेझने तिकडे बघितलं आणि मग दुसरीकडे.

"टॅटरसॉल घाल," तो म्हणाला. "त्या नावावर पोरगं एकदा घरी परत आलं होतं."